दादासाहेब फाळके : चित्रपट घडला, मालकी निसटली

नवी दिल्ली : राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांच्या सोहळ्यात दिला जाणारा सर्वोच्च सन्मान दादासाहेब फाळके यांच्या नावाने ओळखला जातो. केंद्र सरकारने १९६९ या वर्षापासून सुरू केलेल्या या पुरस्काराच्या पहिल्या मानकरी अभिनेत्री देविका राणी होत्या. व्ही. शांताराम, दुर्गा खोटे, लता मंगेशकर, भालजी पेंढारकर, आशा भोसले अशी मराठी मातीशी नाते सांगणारी अनेक नावे पुढे या मालिकेत आली. राजधानीतील विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते दिले जाणारे ते सुवर्णकमळ आज भारतीय चित्रपटसृष्टीतील अंतिम मान्यतेचे चिन्ह बनले आहे. ज्यांच्या स्मृतीसाठी ते घडवले जाते, त्या धुंडिराज गोविंद फाळके यांची अखेर मात्र नाशिकमध्ये, चित्रपटसृष्टीपासून दूर आणि पैशाच्या ओढगस्तीत झाली.

फाळके यांची कथा बहुधा ३ मे १९१३ या दिवसापर्यंत सांगितली जाते. त्या दिवशी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत प्रदर्शित झाला आणि भारतीय कथाचित्रपटाचा आरंभ झाला, येथे ती संपते. परंतु त्यानंतरही ते ३१ वर्षे जगले. या काळात त्यांनी अमाप यश पाहिले, भागीदारी केली, ती सोडली, संन्यस्त वृत्तीने काशी गाठली, परत येऊन स्वतःच उभारलेल्या संस्थेत नोकरदारासारखे काम केले आणि बोलपटाच्या लाटेत मागे पडले. कथा आणि पटकथा स्वतः लिहायची, दिग्दर्शन, नेपथ्य, छायाचित्रण आणि रसायनप्रक्रिया स्वतः सांभाळायची आणि त्यासाठी लागणारा पैसाही स्वतःच उभा करायचा, अशी त्यांची रीत होती. आज ज्याला स्वतंत्र चित्रपटकार म्हणतात, त्याचे हे आपल्याकडील पहिले उदाहरण होय. एक चित्रपट जिद्दीवर निघतो, पण दुसरा, दहावा, पन्नासावा चित्रपट कोणाच्या पैशाने आणि कोणाच्या मर्जीने निघणार, हा प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सुटला नाही.

त्र्यंबकेश्वर ते बडोदे

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे विद्वान होते. मुंबईतील विल्सन महाविद्यालयात त्यांना अध्यापनाचे काम मिळाले आणि कुटुंब मुंबईस आले. पुराणकथा, कीर्तन आणि संस्कृत पाठांतर यांच्या वातावरणात वाढलेल्या धुंडिराजाचा ओढा लहानपणापासून चित्रकलेकडे होता. १८८५ मध्ये त्यांनी सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकलेबरोबर छायाचित्रण, छपाईचे ठसे तयार करणे, साचेकाम आणि वास्तुरेखन यांचा अभ्यास केला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी या हुन्नरी विद्यार्थ्याला तेथील छायाचित्रण विभाग मोकळेपणाने वापरू दिला. रसायनांशी त्यांची जी ओळख तेथे झाली, तिचा उपयोग वीस वर्षांनी झाला.

तरुणपणाची वर्षे सुखाची नव्हती. गोध्रा येथे छायाचित्रकार म्हणून जम बसत असतानाच प्लेगच्या साथीत त्यांची पहिली पत्नी आणि मूल दगावले. बडोद्याला परतल्यावर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले आणि जादूचे प्रयोगही शिकून घेतले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे सासरचे नाव सरस्वती. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात या नावाला जे स्थान मिळायला हवे होते, ते अद्याप पुरतेपणी मिळालेले नाही.

छापखान्याने दिलेला धडा

१९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले तेव्हा त्यांनी ही सरकारी नोकरी सोडली आणि लोणावळ्यात ठसे व छपाईचा कारखाना काढला. राजा रवि वर्मा यांच्या चित्रांच्या शिळाछापाचे काम तेथून जवळच चालत असे. देवदेवतांच्या त्या रंगीत तसबिरी घराघरांत पोहोचत होत्या, आणि त्या छपाईशी फाळके यांचा निकटचा संबंध आला. पुढे कारखाना दादरला हलला आणि नवे भागीदार आले. रंगीत छपाईची यंत्रे पाहण्यासाठी व खरेदीसाठी फाळके १९०९ मध्ये जर्मनीलाही जाऊन आले.

छपाई उत्तम होत होती, नावही होत होते. तरीही भागीदारांशी मतभेद झाले आणि फाळके यांनी स्वतः उभारलेला कारखाना सोडला. बाहेर पडताना त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. हुन्नर आपला, भांडवल दुसऱ्याचे आणि वाद झाला की हुन्नरवाल्याने रिकाम्या हाताने निघून जायचे, हा त्यांच्या आयुष्यातील पहिला अनुभव. पुढे चित्रपटात तो जवळजवळ तसाच पुन्हा घडला.

पडद्यावरील येशू आणि मनातील कृष्ण

छापखाना सुटल्यानंतरच्या निष्क्रिय दिवसांत, १९११ च्या सुमारास, गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस या चित्रगृहात फाळके यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील एक विदेशी चित्रपट पाहिला. पडद्यावर येशूचे चरित्र सरकत असताना त्यांच्या डोळ्यांसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनी पुढे ‘नवयुग’ मासिकातील लेखमालेत नोंदवले आहे. दुसऱ्या खेळाला ते सरस्वतीबाईंना घेऊन गेले. आपल्या देवांच्या आणि वीरांच्या कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का आणू नयेत, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. स्वदेशी छपाईतून स्वदेशी चित्रपटाकडे जाणारी ही वाट त्यांच्या दृष्टीने सरळ होती.

त्यानंतरचे काही महिने त्यांनी मिळतील तितके चित्रपट पाहिले आणि हाती येईल ती यंत्रे न्याहाळली. अतिश्रमाने आणि जागरणाने त्यांची दृष्टी काही काळ अधू झाली. उपचारांनी ती परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी प्रवासखर्चाची सोय केली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये वयाच्या ४१ व्या वर्षी लंडनची वाट धरली. तेथे ओळखपाळख नव्हती. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांच्याकडे ते थेट जाऊन उभे राहिले. कॅबोर्न यांनी त्यांना प्रथम या धंद्यातील धोके सांगितले आणि नंतर निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे पाठवले. वॉल्टन येथील हेपवर्थ यांच्या स्टुडिओत फाळके यांनी चित्रपटाची सारी कामे जवळून पाहिली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची व्यवस्था करून ते १ एप्रिल १९१२ रोजी मुंबईस परतले.

घर हाच कारखाना

भांडवलदारांचा विश्वास बसावा म्हणून फाळके यांनी आधी एक छोटा चित्रपट तयार केला. कुंडीत वाटाणा पेरून, रोज ठरावीक वेळी थोडे थोडे चित्रण करत, त्यांनी अंकुराच्या वाढीचा क्रम टिपला. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात पाहून लोक थक्क झाले. या चित्रफितीच्या आधारे कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिनेही कामी आले. दादरच्या मुख्य रस्त्यावरील बंगल्यात चित्रपटाची तयारी सुरू झाली. हाच रस्ता आज दादासाहेब फाळके मार्ग म्हणून ओळखला जातो.

कथा हरिश्चंद्राची निवडली आणि पटकथा फाळके यांनी स्वतः लिहिली. हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबके मिळाले, रोहिदास म्हणून फाळके यांचाच मुलगा भालचंद्र उभा राहिला. अडले ते तारामतीपाशी. चित्रपटात काम करणे हे त्या काळी स्त्रियांना कमीपणाचे वाटे आणि जाहिराती देऊनही कोणी तयार होईना. अखेर ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात काम करणारा अण्णा साळुंके हा नाजूक अंगकाठीचा तरुण तारामती झाला. तेथे त्याला महिना १० रुपये मिळत, फाळके यांनी १५ देऊ केले. सिनेमाचे नाव काढताच लोक नाक मुरडत, म्हणून नट मंडळींनी आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, असे ठरले. परेश मोकाशी यांच्या २००९ मधील चित्रपटाचे नाव याच आठवणीवरून आले आहे.

या फॅक्टरीचा दुसरा आधारस्तंभ सरस्वतीबाई होत्या. कच्ची फिल्म छिद्रांविना येत असे. रात्री अंधारखोलीत बसून तिच्या कडांना यंत्राने छिद्रे पाडायची, दिवसा चित्रीकरणाच्या वेळी पांढरी चादर धरून उन्हाचा प्रकाश नटांच्या तोंडावर परतवायचा, रसायने मिसळायची, फिल्म धुवायची आणि त्याच वेळी साऱ्या मंडळींचा स्वयंपाक सांभाळायचा, अशी त्यांची कामे होती. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नाही. भारतातील पहिल्या स्त्री चित्रपट तंत्रज्ञ असा त्यांचा उल्लेख अलीकडे होऊ लागला आहे. फाळके यांचे मित्र त्र्यंबक तेलंग यांनी कॅमेरा सांभाळला.

सुमारे ६ महिने २७ दिवसांच्या श्रमांनंतर ३,७०० फूट लांबीचा, चार रिळांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया चित्रगृहात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात तो लोकांसमोर आला. मूकपटातील प्रसंग समजावणाऱ्या पाट्या इंग्रजीबरोबर देशी भाषेतही होत्या. चार-पाच तास चालणाऱ्या संगीत नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकाला तेवढ्याच पैशांत दीड तासाचा खेळ कमी वाटे. म्हणून फाळके यांनी जाहिरातीत लांबीवर भर दिला आणि एका खेळात ५७ हजार छायाचित्रे पाहायला मिळतात असे छापले. फूटभर फिल्मवर १६ चित्रे बसतात, हे लक्षात घेता तो आकडा फुगवलेला नव्हता. चित्रपट चालला आणि मुंबईबाहेरही गेला.

पहिलेपणाच्या या मानाला एक न्याय्य पुरवणी जोडावी लागते. ‘पुंडलिक’ हा रामचंद्र गोपाळ तथा दादासाहेब तोरणे यांचा चित्रपट याच कॉरोनेशनमध्ये १८ मे १९१२ रोजी, म्हणजे जवळजवळ वर्षभर आधी, दाखवला गेला होता. तो रंगमंचावरील नाटकाचे चित्रण होता, त्याचा छायाचित्रकार परदेशी होता आणि फिल्मवरील प्रक्रियाही विलायतेत झाली होती. या कारणांनी पहिला संपूर्ण भारतीय कथाचित्रपट हा मान ‘राजा हरिश्चंद्र’ला दिला जातो. तरीही तोरणे यांच्या बाजूने युक्तिवाद करणारे अभ्यासक आहेत आणि त्यांचे म्हणणे दुर्लक्षिण्यासारखे नाही.

नाशिकची वर्षे आणि महायुद्ध

पहिल्या यशानंतर फाळके यांनी बिऱ्हाड आणि कारखाना नाशिकला हलवला. तेथे उजेड, डोंगर, नदी आणि देवळे हाताशी होती, शिवाय खर्च कमी होता. १९१३ च्या अखेरीस ‘मोहिनी भस्मासुर’ आला. या चित्रपटात दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी. भारतीय कथाचित्रपटात स्त्रियांनी केलेल्या या पहिल्या भूमिका होत. कमलाबाई पुढे कमलाबाई गोखले म्हणून रंगभूमीवर गाजल्या. चंद्रकांत गोखले हे त्यांचे पुत्र आणि विक्रम गोखले हे नातू. त्यानंतर ‘सत्यवान सावित्री’ आला आणि तिन्ही चित्रपट घेऊन फाळके १९१४ मध्ये दुसऱ्यांदा लंडनला गेले.

लंडनमधील जाणकारांनी तांत्रिक बाजूची प्रशंसा केली. हेपवर्थ यांनी त्यांना तेथेच राहून भारतीय विषयांवर चित्रपट करण्याची संधी देऊ केली. सुरक्षित उत्पन्नाचा आणि अद्ययावत साधनांचा हा मार्ग फाळके यांनी नाकारला. चित्रपट भारतात आणि भारतीयांच्या हातून घडला तरच त्याला स्वदेशी उद्योग म्हणता येईल, अशी त्यांची धारणा होती. नवी यंत्रे मागवून ते परतत असतानाच महायुद्ध भडकले. मुंबईतील सावकारांनी हात आखडते घेतले, कच्ची फिल्म मिळेनाशी झाली, मागवलेल्या यंत्रांचे पैसे देणे अशक्य झाले. कारखान्यातील माणसांना पगार देण्यासाठी सरस्वतीबाईंचे दागिने पुन्हा एकदा बाहेर पडले.

फाळके यांच्या अडचणी जाहीर झाल्या तेव्हा लोकमान्य टिळकांसह काही मान्यवरांनी त्यांच्या कारखान्याची मर्यादित कंपनी करण्यासाठी खटपट केली. ती फळाला आली नाही. मिळेल त्या कर्जातून फाळके यांनी १९१७ मध्ये ‘लंकादहन’ पूर्ण केला. साळुंके यांनी त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमानाचे उड्डाण आणि जळणारी लंका पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. मद्रासमध्ये तिकिटांची नाणी बैलगाडीतून पोलीस बंदोबस्तात न्यावी लागली, अशी आठवण सांगितली जाते. राम पडद्यावर येताच प्रेक्षक हात जोडत असत. याच वर्षी त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ नव्याने चित्रित केला. चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा माहितीपटही त्यांनी त्या सुमारास काढला आणि त्यात स्वतः काम करताना दिसले. विद्या लपवून ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता.

भागीदारीचे वर्ष

‘लंकादहन’च्या गल्ल्याने धनिकांची दृष्टी बदलली. कालपर्यंत कर्ज नाकारणारे आता भागीदारीचे प्रस्ताव घेऊन येऊ लागले. १ जानेवारी १९१८ रोजी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट, माधवजी जेसिंग, गोकुळदास दामोदर आदी भांडवलदार भागीदार त्यात होते आणि फाळके हे काम करणारे भागीदार. त्यांचा स्वतःचा कारखाना या नव्या कंपनीत विलीन झाला. कर्जाची टांगती तलवार दूर झाली, पण निर्णयाचा अधिकारही विभागला गेला.

आरंभी सारे सुरळीत होते. ‘श्रीकृष्णजन्म’ १९१८ मध्ये आला आणि त्याने उत्तम धंदा केला. १९१९ च्या ‘कालियामर्दन’ चित्रपटात फाळके यांची लहानगी कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. चित्रपटाच्या आरंभी ती वेगवेगळे भाव चेहऱ्यावर आणताना दिसते. जणू कथेत शिरण्यापूर्वी दिग्दर्शक प्रेक्षकांना अभिनयाची कसोटी दाखवत आहे. कृष्ण यमुनेत उडी घेतो आणि पाण्याखाली कालियाशी झुंजतो, हा प्रसंग आज पाहतानाही त्यामागील कल्पकतेची साक्ष पटते. दुहेरी छायाचित्रण, कॅमेरा थांबवून केलेले अदृश्य होण्याचे चमत्कार, लहान प्रतिकृती ही सारी तंत्रे फाळके यांनी जादूगाराच्या हातचलाखीने आणि ठसेकारागिराच्या काटेकोरपणाने वापरली.

मतभेद उद्भवले ते खर्चावरून. फाळके एखादे दृश्य मनासारखे होईपर्यंत पुन्हा पुन्हा चित्रित करत. एका चित्रपटावर किती दिवस आणि किती पैसे लावायचे हे आधी ठरवता येत नाही, असे त्यांचे मत होते. भागीदारांना ठरावीक मुदतीत, ठरावीक पैशांत आणि ठरावीक संख्येने चित्रपट हवे होते. दोन्ही बाजूंचे म्हणणे आपापल्या जागी तर्काला धरून होते, हे आज मान्य केले पाहिजे. नियमित चित्रपट निघाल्याशिवाय कंपनी चालत नाही, आणि चित्रपटाला हवा तो वेळ दिल्याशिवाय तो ‘लंकादहन’ होत नाही. परंतु करारात पैशाची बाजू जड होती. दोन वर्षांतच फाळके कंपनी सोडून सहकुटुंब काशीस निघून गेले. यानंतर आपण चित्रपटातून निवृत्त झालो, असे त्यांनी जाहीर केले.

काशीतही ते स्वस्थ बसले नाहीत. तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे सात अंकी नाटक लिहिले. तत्कालीन नाट्यव्यवसायावर टीका करणारे हे नाटक इतके लांब होते की त्याचा प्रयोग दोन रात्रींत विभागावा लागे. रंगमंचावर ते आले, परंतु प्रतिसाद बेताचाच मिळाला. इकडे नाशिकमध्ये कंपनी त्यांच्याविना चालली होती, पण पूर्वीची जादू हरवली होती. मनधरणी झाली आणि १९२२ मध्ये फाळके परतले. ज्या संस्थेच्या पायात त्यांचा कारखाना घातलेला होता, तेथे आता ते निर्मितीप्रमुख आणि तांत्रिक सल्लागार म्हणून वेतन घेऊ लागले. भागीदारीचा हक्क परत आला नाही. पुढेही ते अनेकदा रागावून बाहेर पडले आणि परत आले.

एकट्या माणसाचा मार्ग

हा प्रश्न केवळ नाशिकचा नव्हता. पडद्यावरील चमत्कारांचा आद्य किमयागार मानला जाणारा फ्रान्सचा जॉर्ज मेलिएस कर्जात बुडाला आणि पॅरिसच्या माँपार्नास रेल्वे स्थानकावर खेळण्यांचे दुकान चालवत राहिला. अमेरिकेत कृष्णवर्णीय लेखक-दिग्दर्शक ऑस्कर मिशो याने १९१९ मध्ये ‘द होमस्टेडर’ हा आपला पहिला चित्रपट काढला, तो शेतकऱ्यांना आणि ओळखीच्यांना कंपनीचे समभाग विकून. हॉलिवूडच्या दाराबाहेर राहून त्याने ४० हून अधिक चित्रपट लिहिले, दिग्दर्शित केले आणि रिळे घेऊन गावोगावी स्वतः हिंडला. १९२८ मध्ये त्याचेही दिवाळे निघाले, पण नंतर तो पुन्हा उभा राहिला. फाळके, मेलिएस आणि मिशो यांची एकमेकांशी ओळख नव्हती. तरीही तिघांची अडचण एकच होती. नवे माध्यम जोवर प्रयोग होते तोवर एकटा माणूस ते पेलू शकला. त्याचा उद्योग झाला तेव्हा वितरण आणि भांडवल ज्यांच्या हाती, त्यांचा शब्द अंतिम ठरला.

महाराष्ट्रातच या प्रश्नाला एक वेगळे उत्तर शोधले गेले. कोल्हापुरात बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडलेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये ‘प्रभात’ची स्थापना केली. येथे काम करणारे हातच कंपनीचे मालक होते. फाळके यांना जी रचना आयुष्यभर साधली नाही, ती पुढच्या पिढीने काही वर्षे तरी साधली. अखेर ‘प्रभात’मध्येही मालकांचे मतभेद झालेच. परंतु तोवर मराठी चित्रपटाची उत्तम परंपरा उभी राहिली होती.

बोलपट आणि अखेर

चित्रपट उद्योगाची पाहणी करण्यासाठी ब्रिटिश सरकारने १९२७ मध्ये टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फाळके यांनी तिच्यापुढे साक्ष दिली आणि देशी चित्रपटांच्या घसरलेल्या तांत्रिक दर्जाबद्दल आपली नाराजी आडपडदा न ठेवता मांडली. शिक्षणाविना आणि अभ्यासाविना लोक या धंद्यात येत आहेत, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. ज्यांनी जे. जे., बडोदे आणि लंडन येथे एकेक कौशल्य कमावले, त्यांची ही खंत समजण्यासारखी होती.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि मूकपटाचे दिवस भरले. फाळके तेव्हा ‘सेतुबंधन’ या मोठ्या मूकपटात गुंतले होते. पैशाअभावी तो रखडत गेला आणि पुढे त्याला ध्वनीची जोड देऊन नव्याने सादर करावे लागले. हिंदुस्थान कंपनीही थोड्याच काळात बंद पडली. त्यानंतर कोल्हापूर सिनेटोनच्या निमंत्रणावरून त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. १९३७ मध्ये तो प्रदर्शित झाला. तेव्हा त्यांचे वय ६७ होते. चमत्कारदृश्यांत जुना हात दिसला, परंतु बोलत्या चित्रपटाची गती आणि संवादांचे वळण हे त्यांच्या घडणीचे नव्हते. तोच त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला.

भारतीय चित्रपटाच्या रौप्यमहोत्सवी समारंभात फाळके यांना निमंत्रण होते. त्यांची हलाखी पाहून शांताराम यांनी त्यांच्यासाठी निधी जमवण्याची कल्पना मांडली. जमलेल्या रकमेत ‘प्रभात’ने भर घातली आणि त्यातून नाशिकमध्ये त्यांचे घर उभे राहिले. कारागीर-मालकांच्या संस्थेने मालकी गमावलेल्या आद्य कारागिराला दिलेले हे छप्पर होते.

दुसऱ्या महायुद्धात कच्च्या फिल्मचे नियंत्रण आले आणि चित्रपट काढण्यासाठी सरकारी परवाना लागू लागला. वयाची सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी नव्या चित्रपटासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाल्याचे पत्र त्यांच्या हाती पडले आणि दोनच दिवसांत त्यांनी प्राण सोडला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९ वर्षांच्या मुख्य कारकीर्दीत त्यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि पंचविसांहून अधिक लघुपट केले, असे मानले जाते.

उरलेली रिळे

या प्रचंड निर्मितीतील फारच थोडा भाग आज पाहता येतो. त्या काळची नायट्रेट फिल्म झटकन पेट घेई, ओलाव्याने खराब होई आणि खेळ संपलेल्या चित्रपटाची प्रत जपून ठेवण्यात कोणालाच लाभ दिसत नसे. शिवाय प्रतींची मालकी करणाऱ्याकडे नसून कंपनीकडे असे. कंपनी बुडाली की प्रतींनाही वाली उरत नसे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून आणि इतरत्र शोध घेऊन जे हाती लागले ते वाचवले. ‘राजा हरिश्चंद्र’ची पहिली आणि अखेरची एवढीच रिळे उरली आहेत. ती १९१३ ची नसून १९१७ मधील नव्या चित्रीकरणाची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे ज्या चित्रपटावरून भारतीय चित्रपटाचे वय मोजले जाते, तो मूळ रूपात बहुधा कोणालाच पाहता येणार नाही. ‘कालियामर्दन’ त्या मानाने बराचसा शिल्लक आहे. ‘लंकादहन’ आणि ‘श्रीकृष्णजन्म’ यांचे केवळ अंश उरले आहेत.

स्मारकांची मात्र वाण नाही. १९७१ मध्ये टपाल खात्याने फाळके यांचे तिकीट काढले. गोरेगावच्या चित्रनगरीला त्यांचे नाव आहे, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारक आहे आणि दिल्लीत दिला जाणारा पुरस्कार तर साऱ्या देशाला ठाऊक आहे. या साऱ्या गौरवात फाळके हे आरंभबिंदू म्हणून उभे असतात. त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध त्याहून अधिक उपयोगी आहे, विशेषतः आज कर्ज काढून, घर गहाण ठेवून किंवा मित्रांकडून वर्गणी जमवून आपला पहिला चित्रपट करणाऱ्या तरुणांसाठी. करारातील एक कलम, प्रतींची मालकी आणि खर्चाचा अंदाज या रुक्ष बाबी कलेइतक्याच निर्णायक असतात, हे तो उत्तरार्ध सांगतो. फाळके यांना कलेच्या साऱ्या शाखा अवगत होत्या. हिशेबाची वही मात्र त्यांनी दुसऱ्यांच्या हाती सोपवली, आणि तिच्याबरोबर त्यांचा कारखानाही गेला.